पिवळ्या दिव्याची कुळकथा

मंडळी, अमेरिकेत पाऊल टाकल्यावर चार-सहा महिन्यांत आपल्या बहुतेक घरांत एक जुनी गाडी येते. गाडीपाठोपाठ, वर्ष-दीड वर्षात, तो दिवाही येतो. डॅशबोर्डावरचा, इंजिनाच्या आकाराचा, पिवळा. कोणी त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. कोणी त्यावर चक्क काळी चिकटपट्टी लावतो (अतिशयोक्ती नाही, पाहिलेली आहे). कोणी गराजमध्ये जाऊन तीनशे डॉलर मोजतो, दिवा विझतो, घरी सगळ्यांना हायसे वाटते, आणि तीन आठवड्यांनी दिवा पुन्हा हजर. मग दुसरे गराज, दुसरा सुटा भाग, पुन्हा तीनशे डॉलर. मंडळाचा स्वयंसेवक म्हणून नव्या कुटुंबांचे जे फोन मला येतात, त्यांत अपार्टमेंट आणि किराणा यांच्या खालोखाल चौकशी असते ती या दिव्याची.

मी रसायनशास्त्राचा माणूस, मेकॅनिक नव्हे. तरीही या विषयावर लिहायला बसलो, कारण हा दिवा जन्माला आला तोच मुळी रसायनशास्त्रामुळे. त्याची जन्मकथा कळली की तो पुन्हा पुन्हा का लागतो हेही बरेचसे उलगडते. आपली पहिली गैरसमजूत अशी, की हा दिवा गाडीच्या तब्येतीसाठी, म्हणजे आपल्यासाठी बसवलेला आहे. तसे नाही. तो हवेसाठी बसवलेला आहे. आपण फक्त त्याचे बिल भरतो!

गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसमध्ये, २६ जुलै १९४३ रोजी. महायुद्ध चालू होते. त्या दिवशी शहरावर असा काही धूसर पडदा उतरला की दोन-तीन चौकांपलीकडचे दिसेना. डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. जपानने विषारी वायू सोडला असावा, अशीही शंका लोकांना आली. मग संशय गेला अलीसो स्ट्रीटवरच्या एका कारखान्यावर. तिथे युद्धासाठी कृत्रिम रबर बनवायला लागणारे ब्युटाडाइन तयार होत असे. वास येत होता, धूर दिसत होता, गुन्हेगार सापडला! लोकांच्या दबावामुळे कारखाना काही काळ बंद ठेवावा लागला. धुरके मात्र हटले नाही.

१९४७ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने हवेच्या प्रदूषणासाठी स्वतंत्र खाते काढले. पिट्सबर्ग आणि लंडन येथला धूर कोळशाचा आणि गंधकाचा, तेव्हा इथलाही तसाच असणार, असे धरून तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या गंधकावर बंधने आली. गंधक कमी झाले, धुरके राहिले. नंतर पाळी आली घरोघरच्या परसातल्या कचरा जाळण्याच्या भट्ट्यांची. १९५७ मध्ये त्यांच्यावरही बंदी घातली गेली. तरी धुरके होतेच.

म्हणजे बघा, एका अख्ख्या शहराचे पुन्हा पुन्हा लागणाऱ्या दिव्यासारखेच झाले होते. डोळ्यांना दिसेल तो भाग बदलायचा, थोडे दिवस वाट पाहायची, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. खरे दुखणे कोणाच्या नजरेत भरत नव्हते, कारण ते प्रत्येकाच्या दारात उभे होते.

हे दुखणे ओळखले ते आरी हागेन-स्मिट या डच माणसाने. हा उत्रेख्तचा, पुढे पासादेना इथल्या कॅल्टेकमध्ये प्राध्यापक झाला. त्याचा विषय वनस्पतींमधली सुगंधी द्रव्ये. अननसाचा वास नेमका कशाने येतो, यावर त्याचे काम चालले होते. अननसाच्या बाष्पातले बारीकसारीक घटक गोठवून गोळा करायची त्याची जी पद्धत होती, तीच त्याने खिडकीबाहेरच्या हवेला लावली. अननसाऐवजी पासादेनाची हवा खेचून घेतली, थंड केली, आणि काचपात्राच्या तळाशी काही थेंब जमले: तपकिरी, दुर्गंधी. त्यांत निघाली हायड्रोकार्बनांच्या ऑक्सिडीकरणातून होणारी द्रव्ये. म्हणजे न जळलेले पेट्रोल.

पण न जळलेल्या पेट्रोलाने डोळे असे झोंबत नाहीत. इथे त्याची खरी हुशारी दिसते. गाडीच्या धुरातली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे एकत्र आली, वर कॅलिफोर्नियाचे भरपूर ऊन पडले, की हवेतल्या हवेतच ओझोन तयार होतो आणि त्याच्याबरोबर डोळ्यांना झोंबणारी इतर द्रव्येही. धुरके कोणत्याही एका धुराड्यातून बाहेर पडतच नव्हते. ते डोक्यावर, उन्हात शिजत होते. ओझोन मोजायला त्या काळी एक सोपी युक्तीही होती: रबराची वाकवलेली पट्टी हवेत ठेवायची आणि तिला किती वेळात, किती खोल चिरा पडतात ते पाहायचे. १९५२ मध्ये त्याने हे सगळे शोधनिबंधात मांडले. तेल कंपन्यांच्या पैशावर अभ्यास करणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचे म्हणणे जाहीरपणे खोडून काढले. ते त्याला इतके झोंबले की सुगंधाचे संशोधन बाजूला ठेवून तो पूर्णवेळ धुरक्याच्या मागे लागला. कोणाला डिवचावे आणि कोणाला नाही, हे तेल कंपन्यांना तेव्हा कळले असते, तर कदाचित आपल्या डॅशबोर्डावर आज तो दिवा नसता.

पुढची वीस वर्षे भरभर सांगतो. १९६६ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियाने गाडीच्या धुरावर मर्यादा घातली. १९६७ च्या कायद्याने कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झाले आणि त्याचा पहिला अध्यक्ष हागेन-स्मिटच झाला. ३१ डिसेंबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी क्लीन एअर अ‍ॅक्टवर सही केली. १९७५ च्या मॉडेलपर्यंत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बने ९० टक्क्यांनी खाली आणा, असा त्या कायद्याचा हुकूम होता. हे अशक्य आहे, असे डेट्रॉइट म्हणाले. मुदत थोडी लांबलीही. पण १९७५ च्या बहुतेक नव्या गाड्यांच्या पोटाखाली एक नवा डबा आलाच: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीची वीट असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ लेप. धूर त्यावरून गेला की विषारी वायूंचे पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन होते. कल्पना जुनीच होती. यूजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याने १९५० च्या दशकातच असा डबा बनवला होता. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे असे, आणि शिशाचा थर चढला की प्लॅटिनमचे काम थांबते. त्यामुळे कन्व्हर्टर यायचा तर शिसे जायला हवे होते. १९७४ च्या जुलैपासून इथल्या मोठ्या पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणे सक्तीचे झाले. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचे पेट्रोल पूर्ण बंद झाले ते १ जानेवारी १९९६ ला. आपल्याकडे चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले एप्रिल १९९५ मध्ये आणि देशभर फेब्रुवारी २००० मध्ये. त्याआधी मुंबईत लहानाचे मोठे झालेल्या आपण सगळ्यांनी थोडेफार शिसे फुप्फुसातून घेतले आहे, ते वेगळेच.

आता दिव्याकडे येतो. तिन्ही विषारी वायूंचा एकदम बंदोबस्त करायचा, तर इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने १४.७ ला १ याच्या अगदी जवळ राहावे लागते. स्वयंपाकात अंदाजाने मीठ घालणाऱ्या आपल्या आयांना जमेलही, पण जुन्या कार्बुरेटरला हे जमत नव्हते. म्हणून धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला (व्होल्वोने १९७७ च्या मॉडेलमध्ये कॅलिफोर्नियात तो प्रथम आणला), आणि त्याचे ऐकून क्षणाक्षणाला पेट्रोल कमीजास्त करणारा छोटा संगणक आला. १९८१ पर्यंत जनरल मोटर्सच्या जवळजवळ सर्व गाड्यांत तो बसला होता. संगणक म्हटला की तो बिघडणार, आणि बिघडला तरी गाडी चालतच राहणार. फक्त धूर घाण होणार, तोही डोळ्यांना न दिसणारा. मग कळायचे कसे? म्हणून दिवा.

सुरुवातीला प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. जनरल मोटर्सच्या गाडीत डॅशबोर्डाखालच्या दोन खाचा तारेने जोडल्या की दिवा लुकलुकून आकडे सांगे. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत दुसरेच काही. १९८८ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियाने अशी स्वयंतपासणी सक्तीची केली. १५ नोव्हेंबर १९९० रोजी अध्यक्ष बुश (थोरले) यांनी क्लीन एअर अ‍ॅक्टच्या दुरुस्तीवर सही केल्यावर ती देशभर लागू व्हायचा मार्ग मोकळा झाला, आणि १९९६ च्या मॉडेलपासून इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत एकच पद्धत आली. तिचे नाव ओबीडी-टू. ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी सोळा टाचण्यांचे एकच सॉकेट, आणि सगळ्या कंपन्यांना समान असे बिघाडाचे संकेत. दिवा कधी लागावा याचाही कायद्यात हिशेब आहे. बहुतेक बाबतीत, बिघाडामुळे धूर ठरलेल्या मर्यादेच्या दीडपट व्हायची शक्यता दिसली की दिवा लागलाच पाहिजे. गाडी लोण्यासारखी चालत असली तरीही.

आता दुरुस्ती का फसते ते बघू. त्या सॉकेटमधून मिळणारा संकेत कोणते माप मर्यादेबाहेर गेले ते सांगतो. कोणता भाग बिघडला, हे तो सांगत नाही. ताप किती आहे हे थर्मामीटर सांगतो; मलेरिया की टायफॉइड, ते डॉक्टरने ठरवायचे. पुष्कळ गराजवाले (आणि यूट्यूबवरचे पुष्कळ विद्वान) थर्मामीटर वाचतात आणि थेट गोळी देतात.

मंडळातल्या एका जोडप्याचे उदाहरण देतो. नाव-गाव नको. त्यांच्या गाडीचा संकेत होता पी ०४२०, म्हणजे कॅटॅलिस्टची कार्यक्षमता मर्यादेखाली. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर मागचा सेन्सर शांत असतो. तो पुढच्यासारखाच वरखाली नाचू लागला, की संगणक हा संकेत देतो. पहिल्या गराजने मागचा सेन्सर बदलला. दिवा पंधरा दिवसांत परत. दुसऱ्या गराजने कन्व्हर्टरच बदलला, स्वस्तातला, अकराशे डॉलरचा. दिवा सात महिने विझला, मग परत आला. तिसरा म्हणाला, हा कन्व्हर्टर हलका होता, चांगला घाला, अठराशे. त्या सुमारास गणपतीच्या मांडवाची तयारी चालू होती. तिथे खिळे ठोकता ठोकता आमच्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी फक्त एक प्रश्न विचारला: "ऑइल मधूनमधून वरून घालावे लागते का हो?" लागत होते. हजार मैलांना जवळजवळ एक क्वार्ट. तिन्ही गराजांत हे कोणी विचारले नव्हते, आणि याचा त्या दिव्याशी संबंध असेल असे त्या दोघांच्याही मनात आले नव्हते.

इथे माझा विषय आला. इंजिन ऑइलमध्ये धातूची झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरस यांचे एक संयुग मुद्दाम घातलेले असते. तेल इंजिनात जळू लागले की फॉस्फरस धुराबरोबर जाऊन त्या पोळ्यावर काचेसारखा थर धरतो आणि प्लॅटिनम झाकून टाकतो. जे पूर्वी शिशाने होई, तेच आता फॉस्फरसने. कन्व्हर्टर तिसरा घाला की तेरावा, इंजिन तेल खात आहे तोवर प्रत्येकाची तीच गत होणार. अलीसो स्ट्रीटचा कारखाना बंद करण्यासारखेच. इंजिन उघडून रिंगा बदलायचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होता. त्यांनी सगळे कागद दाखवून, दिव्याची गोष्ट स्पष्ट सांगून, पडेल किमतीत गाडी विकली. अठराशे मात्र वाचले.

दुसरा नेहमीचा भिडू म्हणजे पेट्रोलच्या वाफांचा. टाकीतून वाफ बाहेर जाऊ नये म्हणून गाडी स्वतःच स्वतःची गळती तपासते. २००० च्या मॉडेलपासून तर अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी गळतीही तिला पकडावी लागते. बऱ्याच गाड्यांत ही तपासणी फक्त ठरावीक परिस्थितीतच चालते: इंजिन रात्रभर थंड झालेले हवे, टाकी फार भरलेली नको, फार रिकामीही नको. शिवाय लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दोष दिसल्याशिवाय दिवा सहसा लागत नाही. म्हणून गराजने दिवा पुसून गाडी परत दिली, आठवडाभर काही झाले नाही, यावरून दुरुस्ती झाली असे म्हणता येत नाही. कदाचित तपासणीच अजून झालेली नसेल. पेट्रोलचे झाकण नीट फिरवणे, त्याचे रबर तडकले आहे का पाहणे, हे घरी करावे. त्यापुढे मात्र यंत्राने धूर भरून गळती शोधणाऱ्याकडेच जावे. अंदाजाने एकेक व्हॉल्व्ह बदलणाऱ्याकडे नको. आणि दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल, तर ती वेगळी बाब आहे: इंजिनात ठिणगी चुकते आहे आणि कच्चे पेट्रोल जाऊन कन्व्हर्टर जळण्याच्या बेतात आहे. तेव्हा गाडी शक्य तितक्या लवकर बाजूला घ्यावी.

ज्या कायद्याने हा दिवा आपल्या माथी मारला, त्याच कायद्याने आपल्याला काही हक्कही दिले आहेत. ते आपल्यापैकी फार थोडे वापरतात. १९९५ च्या मॉडेलपासून कन्व्हर्टर, इंजिनाचा मुख्य संगणक आणि ही तपासणी करणारे उपकरण यांना केंद्रीय कायद्याने ८ वर्षे किंवा ८०,००० मैल, यांत जे आधी होईल तोवर, वॉरंटी आहे. आणि ती पुढच्या मालकालाही मिळते. सहा वर्षांची, साठ हजार मैल झालेली गाडी घेतलेल्या माणसाने कन्व्हर्टरसाठी खिशात हात घालण्याआधी कंपनीच्या डीलरला फोन करायला हवा. कॅलिफोर्नियाचे नियम पाळणाऱ्या राज्यांत काही भागांना यापेक्षाही जास्त मुदत आहे. ऑइल बाहेर बदलले म्हणून वॉरंटी गेली, असे कोणी सांगितले तर १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याचे नाव घ्यावे. पावत्या मात्र जपून ठेवाव्यात. १९९० च्या दुरुस्तीत आणखी एक कलम आहे: धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी डीलरांबरोबर बाहेरच्या गराजांनाही द्यायची. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये हा हक्क आणखी वाढवला.

नवी गाडी पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर लेमन लॉ. आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो, इथे गाडीलाच लिंबू म्हणतात. असा पहिला कायदा कनेटिकटने १९८२ मध्ये केला. एकाच दोषासाठी चार वेळा प्रयत्न होऊनही तो गेला नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवस दुरुस्तीत पडून राहिली, तर कंपनीने गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, असा त्याचा गाभा होता. नंतर सर्व राज्यांनी आपापल्या परीने तो घेतला. मुदती आणि आकडे राज्यागणिक बदलतात. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स यांसारख्या काही राज्यांत डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाड्यांसाठीही कायदा आहे. पण हे चार प्रयत्न कंपनीच्या अधिकृत डीलरकडे आणि कागदावर झालेले लागतात. आपला सज्जन माणूस डीलरकडे जातो, तो म्हणतो "आम्हाला काही सापडले नाही," आपण "थँक यू" म्हणून किल्ली घेऊन निघतो. कागद नाही! प्रत्येक खेपेला तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, संकेताचा आकडा, मैल आणि तारीख त्यावर आहेत का पाहावे, आणि काही सापडले नाही तर तसे लिहिलेला कागदही मागावा. उच्चार आडवा येतो असे वाटत असेल तर तक्रार घरून लिहून न्यावी.

भारतातही ही मंडळी पोचली आहेत. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ पासून असलेली एआरएआय ही संस्था गाड्यांच्या धुराची प्रमाणपत्रे देते. भारत स्टेज चारच्या मोटारींना ओबीडीचा पहिला टप्पा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये लागू झाला. तेव्हा पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, डॅशबोर्डावर एक पिवळा दिवा लागलाय," तर नवल वाटायला नको.

जाता जाता एक. आपल्याकडे एक कानमंत्र फिरतो: इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी बॅटरीची तार काढून परत लावा, दिवा जातो. दिवा जातो हे खरे, पण त्याबरोबर संगणकाच्या झालेल्या सगळ्या तपासण्यांची नोंदही पुसली जाते, आणि इन्स्पेक्शनचे यंत्र पहिल्यांदा तीच नोंद बघते. केंद्राच्या नियमावलीप्रमाणे १९९६ ते २००० च्या मॉडेलला दोन आणि २००१ नंतरच्या मॉडेलला एकच तपासणी अपुरी चालते. जास्त असतील तर गाडी परत पाठवतात. सगळ्या तपासण्या पुऱ्या व्हायला गाव आणि हायवे मिळून नेहमीसारखे चालवण्याचे चार-आठ दिवस जातात. म्हणून दुरुस्ती आणि इन्स्पेक्शन यांच्यात निदान दोन आठवडे ठेवावेत, आणि मधल्या काळात टाकी अर्धी-पाऊण भरलेली राहू द्यावी.